पुढे लिडी, मागे मार्सेला

ग्रँड स्लॅम खरा कोणता, यावरून माझं आणि एमिलचं लग्न झाल्यापासून वाजतंय. एमिलनं शाळेतल्या पोरांना जन्मभर टेनिस शिकवलं. एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या तर ग्रँड स्लॅम, बाकी सगळी उसनी मिरवणूक, असं त्याचं म्हणणं. मी ब्रिज खेळणारी. तेराच्या तेरा हात आधी बोली लावून उचलायचे, हा आमचा ग्रँड स्लॅम, आणि तो शब्द टेनिसवाल्यांनी आम्हा पत्तेवाल्यांकडूनच उचलला, हे मी त्याला जेवताना मुद्दाम ऐकवते.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी आम्ही गावच्या मैदानावर बायकांच्या सॉफ्टबॉलचा अंतिम सामना बघत होतो. मांडीवर कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, आणि एमिलचं तोंड चालूच.

"तिन्ही बेसवर आपल्या बायका उभ्या असताना एकीनं चेंडू कुंपणापलीकडे मारला, की चौघींच्या चार धावा एकदम, झाला यांचा ग्रँड स्लॅम! वर्षभराची मेहनत नाही, काही नाही. स्वस्ताई आहे नुसती."

"हळू बोल. मार्सेलाची आई पुढेच बसलीय."

मार्सेला वोंद्रा आमच्या शाळेची बस चालवते. पोरवयापासून गावाकडून खेळतेय, पण जिल्ह्याचा कप एकदाही हाती लागला नाही. आता गुडघ्यांनी दगा दिला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा शेवटचा सामना, यानंतर मैदानावर पाऊल नाही. कप मिळणार तर आज, नाहीतर कधीच नाही.

शेवटचा डाव. आम्ही तीन धावांनी मागे, एक बाद, तिन्ही बेस भरलेले. पहिल्या बेसवर लिडी कुबात, आमची पोस्टमास्तरीण. साठीला टेकलेली, अंगानं भरलेली, आणि टाकलेला चेंडू कमरेत बसला म्हणून नियमानं बेस फुकट मिळालेली. बॅट घेऊन आली मार्सेला.

फटका असा बसला की आवाजावरूनच मी उठले.

आता आमच्याकडची एक खोड सांगते. आपणच मारलेला फटका बघत उभं राहणं म्हणजे आमच्या गावात निर्लज्जपणा. मान खाली घालायची आणि पळायचं, हे पोरींना लहानपणीच शिकवतात. मार्सेला तशीच निघाली, नजर पायांशी. तिकडे कुंपणाशी समोरच्या संघाच्या पोरीनं उडी घेतली, चेंडू तिच्या ग्लव्हला चाटून पलीकडच्या मक्याच्या शेतात गेला आणि ती धाडकन पडली. लिडीला वाटलं, झेल झाला. झेल झाला तर बेसवर परतावं लागतं, म्हणून बिचारी अर्ध्यातून उलटी फिरली.

मागचीनं पुढचीला ओलांडलं की मागची बाद. मार्सेलाची धाव गेली असती, चाराच्या तीनच झाल्या असत्या, आणि जिंकण्याऐवजी नुसती बरोबरी. आम्ही सगळे ओरडत होतो, पण त्या गोंगाटात कुणाचं कुणाला कळणार?

खेळ चालू असताना कुणी नुसतं खोकलं तरी डोळे वटारणारा माझा नवरा बाकावर चढला.

"मार्सेलाऽ! मान वर कर गं पोरी!"

मैदानावर पोरांना हाका मारून कमावलेला गळा तो. मार्सेला थबकली. लिडी तिच्यापासून हातभरावर, बेसवर उभी.

"अगं, झेल झाला ना?" लिडीनं विचारलं.

"मक्यात गेला! चल, पुढे हो."

"मेले मी! तू जा ना आधी, मी येते हळूहळू."

"असं नाही चालत, बाई. तू पुढे, मी मागे."

चेंडू कुंपणापलीकडे गेला की कुणी बाद करू शकत नाही, फक्त क्रमानं फेरी पुरी करायची; तशी निघाली वरात. पुढच्या दोघी केव्हाच घरी, म्हणजे जिथून फटका मारतात त्या फळीवर, पोचल्या होत्या. लिडी धापा टाकत दुसऱ्या बेसवर थांबली, तिसऱ्यावर तर कमरेवर हात ठेवून वाकलीच. मार्सेला दोन पावलं मागे उभी. कप समोर दिसतोय, तरी घाई नाही, वैताग नाही. "श्वास घे. कुणी पळवून नेत नाही आपल्याला," एवढंच म्हणाली. त्यांच्या गावच्या बायकाही उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. माझे डोळे भरून आले, त्यात लपवायचं काय?

"टेनिसमध्ये पुढे कुणी नसतं," एमिल हळूच म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. सोपं असतं."

लिडीनं घर गाठलं आणि तिथेच फतकल मारली. आता फक्त मार्सेलाचं एक पाऊल. पण ती घराच्या पांढऱ्या फळीपाशी येऊन थांबली. अंपायर वाट बघत राहिला.

"अगं ये की!" लिडी खालूनच ओरडली. "आता कुणाची वाट बघतेस?"

"थांब गं जरा," मार्सेला म्हणाली. "एकदा पाय ठेवला की संपलं."

तिनं टोपी काढली, हातानं केस सारखे केले, आणि मग पाय ठेवला.