सर्व्हरचा परकायाप्रवेश

देवगाव फाट्याजवळच्या हिरवाई शेतमाल संघाच्या आवारात सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, पण माणसं सगळी ऑफिसच्या खिडक्यांना लटकली होती. आत बन्सीधरबाबा सर्व्हरच्या काळ्या खोक्यावर मोरपीस फिरवत होते.

"ॐ ह्रीं क्लीं नेटवर्काय नमः! ॐ रीस्टार्ट स्वाहा!"

आणि खरंच, सकाळपासून बंद पडलेले सगळे संगणक चालू झाले! बाहेर जयजयकार झाला. हेडक्लार्क लीलाताईंनी भरल्या डोळ्यांनी हात जोडले.

संघाचा जुना सर्व्हर थकला होता. त्याची प्रणाली इतकी जुनी, की बनवणाऱ्या कंपनीनंही तिचा नाद सोडला होता. म्हणून परभणीहून ईश्वरी नावाची इंजिनिअर आली. तिनं नवा सर्व्हर बसवला आणि जुन्यावरच्या नोंदी, खाती, सगळं त्यावर आणलं. तेव्हापासून वजनकाट्यावर गर्दी झाली की नेटवर्क ठप्प! पावती निघेना, शेतकरी लीलाताईंवर खेकसत. शेवटी जुना सर्व्हर सांभाळणारा चंद्रभानच या बाबांना घेऊन आला.

"तुमी जुन्याचा प्राण काढून नव्यात घातला," बाबा गरजले. "परकायाप्रवेश हाय हा! जुन्याला विचारलं का? त्याचा आत्मा भटकायलाय!"

"मग उपाय?" अध्यक्ष उद्धवरावांनी घाबरत विचारलं.

"नव्याला गोदावरीत सोडा. जुन्याची प्रतिष्ठापना करा."

"सांभाळायचा जिम्मा माझा," चंद्रभान नम्रपणे म्हणाला.

उद्या पूजा, परवा नवा सर्व्हर गोदावरीऐवजी कंपनीला परत, असं ठरलं.

सगळे पांगल्यावर ईश्वरीनं लीलाताईंना बाजूला घेतलं. "ताई, बाबा मंत्र म्हणायलते तेव्हा चंद्रभान काय करायलता?"

"खिडकीपाशी मोबाईलवर बोटं चालवायलता."

"आणि नेटवर्क बंद पडलं तेव्हा?"

लीलाताईंना आठवलं. तेव्हाही तो तिथंच होता. तेव्हाही हातात मोबाईलच होता.

"उद्या मला जरा साथ द्याल?"

"अगं, देवाधर्माची थट्टा नको बाई."

"देवाची न्हाई ताई. बाबाची."

दुसऱ्या दिवशी नेटवर्क वेळेवर बंद पडलं. बाबांनी काळ्या खोक्याला हळद-कुंकू लावलं, नारळ ओवाळला आणि ओरडले, "नीघ! या खोक्यातून नीघ!" संगणक चालू झाले. लीलाताईंना हसू आवरेना, म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, ताईंचा कंठ दाटला.

"बाबा, भूत ह्याच खोक्यातून गेलं ना?" त्यांनी विचारलं.

"ह्याच! या डोळ्यांनी बघितलं!"

ईश्वरीनं खोक्याचं झाकण उघडलं. आत लीलाताईंचा जेवणाचा डबा होता. बाकी काही नाही. खरा सर्व्हर दोघींनी आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या खोलीत हलवला होता.

खिडक्यांतून हशा फुटला. एक जण ओरडला, "बाबा, भूत जेवून गेलं का उपाशीच?"

बाबा लालबुंद झाले. "माझी शक्ती भिंतीपलीकडं जाती! शाप देतो, आत्ता परत बंद पडंल!"

ईश्वरीनं शेजारच्या संगणकावर काहीतरी टाईप केलं. "द्या शाप."

बाबांनी शाप दिला. मग आणखी मोठ्यानं दिला. संगणक चालूच! चंद्रभान घामाघूम होऊन मोबाईलवर बोटं आपटत होता. लीलाताईंनी सरळ जाऊन तो हिसकावला आणि मोठ्यानं वाचलं, "पासवर्ड चुकीचा आहे."

"जुन्यावरची खाती आणताना ह्या चंद्रभानांचंही खातं नव्यावर आलं," ईश्वरीनं सगळ्यांना सांगितलं. "जुन्याबरोबर आपलं काम जाऊ नये म्हणून त्याच्या जोरावर हे मोबाईलवरून नेटवर्क बंद करायचे आणि मंत्र झाला की चालू करायचे. त्या खात्याचा पासवर्ड मी आत्ता बदलला."

उद्धवरावांनी पोलिसांना फोन लावला. बाबा दाराकडं सरकले, पण दारात शेतकरी उभे होते.

"पण ताई," सरजाबाई नावाची म्हातारी म्हणाली, "आमाला त्या यंत्रातलं काय कळतंय?"

"मला तरी कुठं कळतंय, मावशी? मीबी काल हात जोडलेच की." लीलाताईंनी खोक्यावरचं कुंकू पुसलं. "कळत नसलं तर विचारायचं. दोघाचौघांना विचारायचं, सांगितलेलं तपासून बघायचं. कळत न्हाई म्हणून पाया पडायचं न्हाई."