पडलं होतं म्हणून आणलं

मी एक गाडी बोलतेय. हसू नका. मला चार चाकं आहेत, दोन सीटा आहेत, स्टिअरिंग आहे. फक्त रस्त्यावर मी कधी गेलेली नाही. आयुष्यात एकूण अकरा फूट चालले, तेही ढकलून. सहा फूट पुढे आणि पाच फूट मागे. म्हणजे खरा प्रवास म्हणाल तर एक फूट.

माझ्या नाकासमोर चार बोटांवर भिंत आहे. भिंतीपलीकडे शिलाई मशीन चालतं आणि त्याच्यापलीकडे रस्ता आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मला ऐकू येतात. कोण घाईत आहे, कोणाचा ब्रेक घासतोय, सगळं कळतं. दिसत मात्र काही नाही. दीड वर्ष झालं, मी या भिंतीकडे बघत उभी आहे आणि भिंतीची मला आता अक्षरशः शिसारी आली आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. पंप बनवणाऱ्या कंपनीतल्या एका फिटरने मला घरच्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी, थोडं थोडं करत घडवलं. इंजिन एका अपघातात चेपलेल्या गाडीचं, स्टिअरिंग दुसरीचं, आरसे तिसरीचे. सांगाडा मात्र त्याने स्वतः लोखंडी नळ्या कापून, वेल्डिंग करून एकसंध जोडला. पत्रा त्याच्या दोस्ताने ठोकला. या दोस्ताचा धंदाच पत्र्याच्या कामाचा, म्हणून सगळे त्याला पत्रेवाला म्हणत. एक वळण मनासारखं जमेना म्हणून त्याने माझा उजवा मडगार्ड चार वेळा भिरकावून दिला होता. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, एवढे लाड तरी कोणाचे होतात!

अशी हौशी मंडळी एकूण चार. माझा फिटर, पत्रेवाला, एक बसचा ड्रायव्हर आणि एक दातांचा डॉक्टर. चौघांच्या घरी माझ्यासारखी एकेक अर्धवट गाडी. रविवारी सकाळी आळीपाळीने एकेकीच्या भोवती जमायचे, चहा प्यायचे, एक नट आवळायला पाच मिनिटं घ्यायचे आणि त्या नटाबद्दल बोलायला दोन तास. स्वभाव चौघांचे चार तऱ्हांचे, पण घरात काही नवीन आणलं की चौघांच्या तोंडी एकच वाक्य असायचं. "पडलं होतं म्हणून आणलं."

कार्बोरेटर? दोस्ताकडे पडला होता. दिवे? कोणाच्या तरी माळ्यावर पडले होते. माझी ही चामड्याची सीट, जिच्यासाठी फिटरने अख्ख्या बोनसची वाट पाहिली, तीसुद्धा म्हणे कुठेतरी पडली होती. खोकं रस्त्यातच फाडून टाकायचं, पावती चुरगाळायची, कोऱ्या करकरीत वस्तूला बोटभर ग्रीस फासायचं आणि मग घरात शिरायचं, अशी त्यांची रीत. जग नवी वस्तू मिरवतं, आणि हे चार महाभाग ती मळवून आणायचे.

फिटरची बायको भोळी नव्हती, पण नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारी होती. शेजारणींना सांगायची, आमच्या ह्यांना भंगार गोळा करायचा नाद आहे, पण बरंय, खर्चाचं व्यसन नाही. हे ऐकलं की फिटर फडक्याला हात पुसत बसायचा. हात स्वच्छ असले तरी पुसायचा.

मग मंदी आली. मला ती कळली नव्या वस्तू येईनाशा झाल्या तेव्हा. रविवारच्या गप्पांचा सूर बदलला. ड्रायव्हरने आपले दोन टायर देऊन त्या बदल्यात पत्रेवाल्याकडून दरवाजे करून घेतले. पत्रेवाल्याने रंगाचा नाद सोडला आणि स्वतःच्या गाडीला नुसता प्रायमर मारून ठेवला. दातदुखीला मंदी नसते, त्यामुळे डॉक्टर तेवढा खुशीत होता. बाकीचे जे विकायला काढतील ते तो घेत होता. माझ्या फिटरने कपाटाच्या जुन्या दाराची फळी तासून मला डॅशबोर्ड केला, मोडक्या छत्रीच्या काड्यांचे चिमटे करून वायरी बांधल्या. आता वस्तू खरोखरच कुठे ना कुठे पडलेल्या असायच्या, आणि गंमत बघा, आता तो त्याबद्दल चकार शब्द काढत नसे.

कंपनीने आठवड्याचे तीनच दिवस काम ठेवलं तेव्हा त्याच्या बायकोने कंबर कसली. शटरकडची अर्धी जागा एका शिंपीणबाईंना भाड्याने द्यायची आणि मधे भिंत घालायची, असं तिने ठरवलं.

"अगं, पण गाडी बाहेर कशी काढायची?" फिटरने विचारलं.

"अहो, भंगाराला कशाला हवा रस्ता?" ती हसून म्हणाली. "आणि लागलाच, तर मागचं दार आहे की. फुकटात आलंय, फुकटात जाईल."

तेव्हा त्याने तोंड उघडायला हवं होतं. मी त्याच्याकडे डोळे लावून होते. बोल ना रे, बोल! पण बोलायचं म्हणजे सगळंच ओकावं लागणार होतं, पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या दिव्यापर्यंत. गवंड्याने दोन दिवसांत भिंत उभी केली आणि माझा फिटर त्याला पाण्याच्या बादल्या भरून देत होता. शेवटची वीट बसली तशी शटरकडून येणारा उजेड गेला. मला राहिलं ते मागचं दार, बोळात उघडणारं, एका माणसापुरतं.

सहा महिन्यांनी एके दिवशी सकाळी ते दार उघडलं. फिटर आत आला. अंगात कंपनीचा युनिफॉर्म, हातात डबा. मला वाटलं, आज माझ्यावर काही काम काढलंय. पण त्याने हत्यारांना हात लावला नाही. माझ्यात बसला, डबा शेजारच्या सीटवर ठेवला आणि स्टिअरिंग धरून भिंतीकडे बघत राहिला. साडेपाच वाजले तसा उठला आणि बोळातून वळसा घालून कामावरून आल्यासारखा पुढच्या दाराने घरी गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग मी समजले. कंपनीने त्याला काढून टाकलं होतं.

आता खरी पंचाईत ऐका. घरात हातभार म्हणून त्याच्या बायकोने शिंपीणबाईंकडे काज-बटणाचं काम धरलं होतं. दिवसभर ती दुकानात बसायची, पाठ टेकून, याच भिंतीला. भिंत चार इंची. अलीकडे हा, पलीकडे ती, आणि मधे एक वीट. तिने दोरा दाताने तोडला तरी इकडे ऐकू यायचं. ती शिंपीणबाईंना सांगायची, आमचे हे फार राबतात हो, तीन दिवसांचा पगार मिळतो पण जातात रोज, उद्या काम वाढलं तर आपली आठवण राहावी म्हणून. तो पगार म्हणजे कंपनीने काढताना हातावर ठेवलेली रक्कम, जी तो थोडी थोडी करून घरी देत होता. हे ऐकताना त्याचा घास तोंडातच थांबायचा. खोकला आला तर तो तोंडात फडकं कोंबायचा. नवरा-बायकोला इतकं जवळ बसून इतकं लांब गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि माझं म्हणाल, तर उपाय मीच होते. मला विकलं असतं तर त्यांच्या घरात वर्षभर चूल बिनघोर पेटली असती. डॉक्टर तर टपूनच बसला होता. फिटर कितीदा तरी फोन हातात घ्यायचा, डॉक्टरचा नंबर काढायचा आणि फोन पुन्हा खिशात ठेवायचा. फुकटच्या भंगाराला एवढे पैसे आले कसे, असं बायकोने विचारलं तर? त्याने मला कोंडलं होतं आणि मी त्याला. चीड यायची मला. त्याची दयाही यायची, पण चीड जास्त.

सातव्या आठवड्यात एका दुपारी त्याच्या हातून डब्याचं झाकण सुटलं. फरशीवर घरंगळत, खणखणत, पार माझ्या पोटाखालून कोपऱ्यात जाऊन आपटलं. पलीकडचं मशीन थांबलं. शिंपीणबाई म्हणाल्या, घूस शिरली असणार, आधी बंदोबस्त करा. थोड्या वेळाने बोळात चपला वाजल्या, कुलपाची दुसरी किल्ली फिरली, आणि हातात खराटा घेतलेली त्याची बायको दारात उभी राहिली.

ती ओरडली नाही. तिने युनिफॉर्मकडे बघितलं. मग म्हणाली, "आज सुट्टी आहे का?"

"सुट्टी नाही. काम सुटलं," तो म्हणाला. "दीड महिना झाला."

तिने खराटा भिंतीला टेकवला, सीटवरचा डबा उचलून मांडीवर घेतला आणि माझ्यात बसली. माझ्यात ती पहिल्यांदाच बसत होती. आता पुढे काय, असं तिने विचारलं. तो म्हणाला, ही विकता येईल. ती म्हणाली, हे भंगार कोण घेणार? आणि तेव्हा, एकदाचा, त्याने श्वास घेतला.

"यातलं काहीच पडलेलं नव्हतं," तो म्हणाला.

मग डाव्या दिव्यापासून सुरुवात करून एकेका वस्तूला हात लावत त्याने सगळं खरं सांगितलं. कुठून घेतली, केवढ्याला, त्या दिवशी घरी काय सांगितलं. मला माझी किंमत त्या दिवशी पहिल्यांदा कळली. ऐकून छाती फुगायला हवी होती, पण तिच्या तोंडाकडे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने चष्मा काढून त्याच्या हातात दिला. एका काडीला काळा दोरा गुंडाळलेला होता.

"दोन वर्षं मी हा दोऱ्याने बांधतेय," ती म्हणाली. "सुईचं नेढं दिसत नाही मला. दर वेळी म्हटलं, राहू दे, घरात दोघंही काटकसर करतोय."

फिटर रडला. मोठ्याने नाही, पलीकडे शिंपीणबाई होत्या. ती उठून गेली आणि चार दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

पाचव्या दिवशी तिनेच डॉक्टरला बोलावलं. तो आला, माझ्याभोवती फिरला आणि सवयीने सुरू झाला की वहिनी, तसं हे जुनंच, पडूनच आहे इथे. तिने त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. म्हणाली, भाऊजी, प्रत्येक वस्तूची किंमत मला पाठ आहे, विचारा कुठलीही. डॉक्टरचा चेहरा भूल दिलेल्या पेशंटसारखा झाला. इंजिन, गिअरबॉक्स, दिवे, सगळं सुटं होऊन मागच्या दाराने गेलं. तिने आधी घरातलं वाणसामान भरलं, मग डोळे तपासून घेतले. माझं पोट मात्र रिकामं झालं. खोटं कशाला बोलू, फार दुखलं.

गेल्या महिन्यात पत्रेवाला आला. म्हणाला, नवी गाडी कोणी घेत नाहीये, जो तो जुनीच दुरुस्त करून वापरतोय, मला एकट्याला काम उरकत नाही, तू भागीत ये. फक्त गिऱ्हाइकाला आपला हात दाखवायला काहीतरी पाहिजे. हिला माझ्या शेडसमोर उभी करू, लोक थांबून बघतील. फिटरचे डोळे चमकले. मग त्याने भिंतीकडे बघितलं. ती पाडता येत नव्हती. पलीकडे शिंपीणबाईंचं दुकान, त्यावर त्यांचं पोट आणि या घराचाही आधार.

त्याच्या बायकोने शिंपीणबाईंची टेप आणून सगळं मोजलं. चाकं काढून आडवी केली तर मी दारातून निघते, पण बोळाच्या वळणावर अडकते. नळ्यांचा सांगाडा सुटा होत नाही. तिने पुन्हा मोजलं. मग शिंपीणबाईंकडचा निळा खडू घेऊन सीटच्या मागे, माझ्या अंगावर आडवी, सरळ रेघ ओढली.

"इथे कापली तर निघेल," ती म्हणाली.

पत्रेवाला म्हणाला, मी पुन्हा असा जोडीन की जोड शोधून सापडणार नाही. तो महिनाअखेरपर्यंत थांबणार आहे, नंतर दुसरा माणूस बघणार आहे. त्यालाही धंदा चालवायचाय.

आज तिसरा दिवस. फिटर रोज कटर घेऊन येतो, डोळ्यांवर जाड काच चढवतो, पातं रेघेवर आणतो आणि बंद करून खाली ठेवतो. दहा वर्षं लागली हो जोडायला, असं काल बायकोला म्हणाला. ती त्याला घाई करत नाही. दारात स्टूल टाकून बसते आणि बाहेरच्या उजेडात काज करते.

आत्ताही तो समोर उभा आहे. रेघेवरून नुसता हात फिरवतोय. त्याला वाटतंय, आपण हिला जपतोय. वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कोणी त्याला ओळखत असेल तर माझा एवढा निरोप सांगा. मला अख्खी राहायची हौस नाही. मला ऊन बघायचंय, धूळ खायचीय, भर रस्त्यात उभं राहून चार लोकांच्या शिव्या ऐकायच्या आहेत. आणि इथे मी राहिले, की तूही इथेच येऊन बसशील.

काप रे बाबा. रेघ चुकली तर चुकू दे, पण आज काप.