घोट्यावरचं इलास्टिक

थोरल्या जावयाला या व्यवहारात काय काय मिळायचं होतं, ते आधी मांडून ठेवू. दुकान. दुकानातलं कापायचं मोठं टेबल, ज्याच्याशी तो आयुष्यभर उभा होता आणि जे त्याचं नव्हतं. रस्त्याकडची काच, काचेवरची पाटी. आणि या सगळ्याहून गोड अशी एक गोष्ट: हे आपल्या साडूला मिळालं नाही, हे रोज सकाळी कुलूप उघडताना आठवायचं सुख.

मोबदल्यात द्यायचं काय, तर फक्त चालायचं.

सासऱ्यांना अख्खी गल्ली मास्तर म्हणे. त्यांच्या हाताखाली दोन कारागीर तयार झाले. ते दुसऱ्या दुकानात जाऊ नयेत म्हणून मास्तरांनी आपल्या दोन्ही मुली त्यांना दिल्या, असं गल्लीत बोललं जाई आणि मास्तर ते नाकारत नसत. थोरला जावई कापड कापायचा, धाकटा ते शिवायचा. थोरला दिवसभर टेबलाशी उभा, धाकटा दिवसभर पायमशीनवर बसलेला. दुकानाच्या वरच दोघांची बिऱ्हाडं, समोरासमोर दारं. मास्तर थोरल्याकडे राहायचे, पण चहा कोणाकडचा बरा हे उघड सांगायचे, आणि तो धाकटीकडचा असायचा.

साखर तिघांच्याही रक्तात होती. मास्तरांची पायांत उतरली. दोन बोटं काढावी लागली, चालताना टेकायला वॉकर हातात आला. दोन्ही जावयांना डॉक्टरांनी बजावलं, चाला. दोघांनी मान डोलावली आणि चालले नाहीत. मग एका संध्याकाळी मास्तरांनी दोघांना बोलावलं आणि काडेपेटीएवढी दोन यंत्रं पुढ्यात ठेवली. पावलं मोजायची.

"हे पट्ट्याला अडकवायचं. रोज दुकान बंद केलं की मला आकडा सांगायचा. चार महिन्यांनी डॉक्टर दोघांना तपासतील. ज्याची तब्येत सुधारली, दुकान त्याच्या नावावर. दुसऱ्याने त्याच्या हाताखाली काम करावं."

"मास्तर, हे काय शर्यत लावताय?" धाकटा हसत म्हणाला.

"शर्यत नाही, जावईबापू. आजारी माणसाच्या हातात दुकान दिलं तर काय होतं, ते मी रोज आरशात बघतो."

थोरल्याने यंत्र पट्ट्याला अडकवलं आणि जिना दोनदा उतरून चढून आला.

पहिले आठ दिवस त्याचेच. धाकट्याचा आकडा ऐकून मास्तर नुसतं "बरं" म्हणायचे. धाकट्याची अडचण खरी होती. बसल्यावर पोट पट्ट्यावर यायचं आणि यंत्राचा चिमटा सुटून ते मशीनखालच्या चिंध्यांत पडायचं. शेवटी त्याने शिंप्याला सुचेल तेच केलं. इलास्टिकची पट्टी शिवली, तिला एक छोटा खिसा लावला, यंत्र त्यात घातलं आणि पट्टी उजव्या घोट्यावर चढवली. वर मोजा, त्यावर पँट.

त्या संध्याकाळी मास्तर म्हणाले, "हं, बोला."

"सहा हजार," थोरला म्हणाला.

"माझे चौदा," धाकटा म्हणाला. त्याचा त्यालाच अचंबा वाटत होता.

मास्तर खुर्चीत पुढे झाले. "चौदा हजार? शाब्बास."

हा शब्द थोरल्याने मास्तरांच्या तोंडून पूर्वी एकदाच ऐकला होता, पहिला कोट कापला तेव्हा. रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही.

पुढचे दोन महिने तो चालला म्हणजे काय चालला. तयार कपडे गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः पोचवू लागला. दोरा आणायला जवळचं दुकान सोडून लांबचं गाठू लागला. टेबलाभोवती घिरट्या घालत कापू लागला. अशाच एका घिरटीत त्याने बँकेतल्या रोखपालाच्या पँटचे दोन्ही पाय डाव्याच बाजूचे कापले. कापड महागाचं होतं, रोखपालाच्या मेव्हण्याने परदेशातून पाठवलेलं. रोखपाल गोड स्वभावाचा, म्हणून गोष्ट दुकानातच राहिली.

आकडा दहावर गेला, बारावर गेला. धाकटा मात्र सोळाच्या खाली येईना. लग्नसराईची शिलाई होती, दिवसभर मशीन थांबत नव्हतं.

"ताई, भाऊजींना म्हणावं, जरा पाय उचला," धाकटी दारातूनच म्हणायची.

"ते उभ्याने राबतात गं. तुझ्याकडच्यासारखं बसून नाही."

"बसून सोळा होतात, तर उभ्याने किती व्हायला पाहिजेत?"

थोरलीने दार लावून घेतलं आणि आतला राग आतल्या माणसावर काढला. "मेलं, रोज हरता तरी का? निदान एकदा तरी वरचा आकडा आणा."

एका माणसाचं सुख दुसऱ्याच्या पोटात कसं टोचतं, ते थोरल्याला आता जेवताना, झोपताना कळत होतं. साडू हसला तरी टोचायचं. साडूच्या ताटातली भाकरी आपल्याहून मोठी दिसायची. मनात एकच प्रश्न घोळायचा: हा चालतो कधी? सकाळी मशीनवर, दुपारी मशीनवर, संध्याकाळी मास्तरांजवळ.

शेवटी त्याने दाराबाहेर काढलेले साडूचे बूट उचलून उलटे केले. तळ नव्यासारखे. स्वतःचे बघितले, टाचा झिजून तिरक्या झालेल्या. दुसऱ्या दिवशी त्याने टेबलावरचा खडू मुद्दाम खाली पाडला आणि तो उचलायला वाकला. पायमशीनची फळी वरखाली होत होती, तिच्याबरोबर साडूचा पाय, वर सरकलेली पँट, मोज्याखाली काडेपेटीएवढा फुगवटा. साडू बसल्या जागी गावाला प्रदक्षिणा घालत होता.

थोरला खडू घेऊन उभा राहिला. बोंब मारायला तोंड उघडलं होतं, पण त्याच्यातला हिशोबी माणूस आधी जागा झाला. आत्ता सांगितलं तर काय होईल? साडूची एक संध्याकाळ खराब होईल, मास्तर थोडं हसतील. उद्यापासून साडू खरंच चालायला लागेल. वयाने लहान, अंगाने हलका. दोन महिन्यांत पुढे निघून जाईल. आणि सांगितलंच नाही तर? शाब्बासकी त्याला मिळत राहील, साखर त्याच्या रक्तात साठत राहील, आणि डॉक्टर काही शाब्बासकी तपासणार नव्हते.

खडू टेबलावर ठेवून त्याने कापड सरळ केलं.

त्या दिवसापासून थोरल्याची भूक परत आली. साडूच्या आकड्याला तोही मान डोलावू लागला. एवढ्यावर थांबला असता तर निदान हात तरी स्वच्छ राहिले असते. पण एक दिवस साडू सारखा वाकून मोजा वर ओढताना दिसला. पट्टी सैल झाली असणार. ती निसटली, यंत्र बंद पडलं, म्हणजे हा पुन्हा विचार करणार. थोरल्याने टेबलाचा खण उघडला. त्याची किल्ली त्याच्याच कमरेला असायची. निळ्या रेघेचं रुंद इलास्टिक, सुटाच्या कमरेसाठी मागवलेलं, त्यातून वीतभर कापलं.

"साडूभाऊ, हे घ्या. तुमचं सैल पडलंय."

धाकटा चपापला. "तुम्हाला माहीत आहे?"

"यंत्र कुठे बांधायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पाय हलतो ना?"

"तेच मी म्हणतो. हलतो तर आहे. पण मास्तरांना सांगायला जरा कसंसंच वाटतं."

"मग नका सांगू."

धाकट्याचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत साडूने आपल्याला न मागता काही दिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

चार महिने झाले. मास्तरांना वॉकरसकट रिक्षात बसवून तिघेही दवाखान्यात गेले. थोरल्याचा कागद बघून डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. साखर उतरली होती, वजन उतरलं होतं. "असंच चालू ठेवा." मग धाकट्याचा कागद बघितला आणि म्हणाले, "मोजे काढा."

मोजा काढला तेव्हा खोलीत वास आला. इलास्टिक घोट्यात रुतलं होतं आणि त्याखाली चांगलीच जखम झाली होती.

"हे किती दिवसांचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय?" धाकटा वाकून बघू लागला. "दुखलं तर नाही कधी."

"तेच वाईट. तुमचा पाय बधिर होत चाललाय."

डॉक्टरांनी कात्रीने पट्टी कापली आणि यंत्रासकट ट्रेमध्ये टाकली. मास्तर त्या पट्टीकडे बघत राहिले. पन्नास वर्षं कापड हाताळलेला माणूस.

"हे निळ्या रेघेचं. हे तर तुमच्या खणातलं, जावईबापू."

"मागितलं म्हणून दिलं," थोरला म्हणाला.

"नाही हो मास्तर," धाकटा घाईने म्हणाला. साडूला श्रेय कमी मिळू नये असं त्याला वाटत होतं. "मागितलं कुठे? त्यांनी आपण होऊन दिलं. माझं सैल पडलेलं त्यांच्याच लक्षात आलं."

मास्तरांनी थोरल्याच्या बुटांकडे बघितलं, मग धाकट्याच्या. घरी जिन्यापाशी रिक्षातून उतरल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "शब्द दिला होता. दुकान तुमचं. माझा पलंग तेवढा समोरच्या घरात हलवा."

आता जमाखर्च. रोखपालाचं कापड गेलं, त्याला ते कोणी भरून दिलं नाही. धाकट्याचा पाय वाचला, पण जखम भरायला बरेच महिने लागले आणि पायमशीन कायमचं बंद झालं. तो मास्तरांशेजारी उशीवर पाय ठेवून काजं-बटणं करतो, धाकटी दोघांना चहा देते, आणि त्या घरातलं हसू दुकानात ऐकू येतं. थोरलीला बहिणीने अजून घरात घेतलेलं नाही.

थोरल्याचं नाव काचेवरच्या पाटीवर आलं. सकाळी तो कुलूप उघडतो, दुपारपर्यंत कापतो, मग स्वतःच मशीनवर बसतो. नवे दोन कारागीर आले आणि टिकले नाहीत. गल्लीत इलास्टिकची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मोटर बसवता आली असती, पण मग बसल्या जागी पाय हलतात तेवढेही हलायचे थांबले असते. चालायला वेळ उरत नाही. परवाच्या कागदावर साखर पुन्हा चढली आहे.

यंत्र अजून त्याच्या पट्ट्याला आहे. दुकान बंद करताना तो ते बघतो. कधी नऊशे, कधी हजार. मग वर जाताना समोरच्या दारापाशी जरा थांबतो. आतून मास्तरांचा आवाज येतो, "हं, बोला," आणि धाकटा काठी धरून खोलीत घातलेल्या फेऱ्या सांगतो.

"बावीस."

"शाब्बास," मास्तर म्हणतात.