कोपऱ्यातले आकडे

"सही कर, आक्का. अकरा वाजता दूध संघाचे साहेब येत्यात," डेअरीचे चेअरमन हौसराव आबा म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

पन्नाशीला विहारातल्या वर्गात मी अक्षरं शिकले. ओळ बोटाखाली धरल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आज सकाळी डेअरीच्या टाकीचा कॉक माझ्या हातून उघडा राहिला, तीनशे लिटर दूध वाहून गेलं, म्हणून मी स्वतःहून काम सोडते आहे, असं त्यात लिहिलं होतं. मांडवगणच्या या डेअरीची फरशी मी एकोणीस वर्षं धुते आहे.

"म्या कॉक बंद केला, आबा. उघडला न्हाई."

"टाकीला हात लावायचं तुझं कामच न्हाई. आन् कॅमेरा खोटं बोलतोय व्हय?"

कॅमेरे मागच्या महिन्यातच बसवलेले, नवे कोरे. ऑफिसातला कॉम्प्युटर मात्र शाळेनं टाकून दिलेला. कॅमेरे बसवणारा पाबळचा सतीश बोलावल्यामुळे आला होता. आबांना घाई, म्हणून तो रेकॉर्डिंग पळवत दाखवत होता. पडद्यावर नुसती टाकी दिसली. मग चित्र अडकलं, ते बराच वेळ हललं नाही. तेवढ्यात आबांनी किटलीतून कपभर चहा ओतून घेतला. चेअरमनच्या चहाला दूध थेट टाकीतलं, ही इथली जुनी रीत. मग एकदम मी दिसले. हात कॉकवर, पायाखाली दूध.

"आता?" आबा म्हणाले.

"परत लावा."

"कितींदा? शिनेमा हाय का?"

सतीशनं परत लावलं. ते दोघं चित्र बघत होते. मी कोपऱ्यातले आकडे वाचत होते. वाचायला आल्यापासून ही खोडच लागली आहे. पुड्याचा कागद असो की ट्रकची पाटी, वाचल्याशिवाय सोडवत नाही.

"सात बारा," मी पडद्यावर बोट ठेवलं. "त्याच्या म्होरं सात एकवीस. मधली नऊ मिनटं कुठं गेली?"

सतीश पुढं वाकला. मग मान खाजवत म्हणाला, "आक्का बरोबर बोलत्यात, आबा. महिन्याभराचं मावावं म्हणून नवा कॅमेरा चित्र लई दाबून भरतो. ह्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला ते उलगडत न्हाई. अडकतो, मग मधलं सोडून पळतो. बसवतानाच म्हणलो व्हतो, हा बदला."

"म्हंजी पुसलं गेलं?"

"न्हाई. रेकॉर्डिंगच्या मशिनीत हाय. माझ्या लॅपटॉपवर दिसंल."

"राहू दे मग. पावणेअकरा झाले."

सतीशनं आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं बोट अजून पडद्यावरच होतं. त्यानं बॅगेतून लॅपटॉप काढला.

निळी पट्टी सरकायला लागली. अर्ध्यावर येऊन थांबली. आबा दाराकडे गेले, परत येऊन बसले. पट्टी पुन्हा हलली.

सात चौदा. आबा स्टीलचा तांब्या घेऊन टाकीपाशी आले. कॉक फिरवला, तांब्या भरला. एवढ्यात फोन आला असावा, कारण एका हातानं त्यांनी तो कानाला लावला आणि बोलत बोलत निघून गेले. धार चालूच राहिली. सात एकवीसला मी धावत आले.

सतीशनं लॅपटॉप हळूच मिटला. आबांच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

"चुकून झालं असंल," आबा कागदाकडे हात नेत म्हणाले. "हे फाडून टाकू."

मी कागदावर बोट ठेवलं.

"फाडू नका, आबा. लिव्हलंय ते बरोबर हाय. नाव तेवढं बदला."

बाहेर संघाची जीप थांबल्याचा आवाज आला. आबांनी खिशातला पेन काढला, टोपण उघडलं आणि तो तसाच हातात धरून बसले.

मी बादली उचलली. टाकीखाली दूध वाळून फरशी चिकट झाली होती.