गल्लीच्या तोंडचं फाटक

मी फाटक बोलतोय. मराठी घरांत फाटक, बाकी सगळ्यांना गेट. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत एक बंद गल्ली आहे, तिच्या तोंडाशी मी उभा असायचो. आता मानसिंगरावांच्या अंगणात कुंपणाच्या भिंतीला टेकवून ठेवलंय मला, एका झडपेवर दुसरी झडप. भिंत बुटकी आहे. माझी टोकं तिच्यावरून डोकावतात, त्यामुळे रस्ता दिसत राहतो. दिसतो, तेच वाईट. स्वस्थ राहवत नाही.

तसं स्वस्थ असणं माझ्या नशिबात कधी नव्हतंच. हजीरा भागातल्या एका वेल्डरनं मला घडवलं, तेही विश्वासरावांची स्कूटर चोरीला गेली म्हणून. विश्वासराव आणि मानसिंगराव शेजारी. दोघांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आलेले, दोघांचं बालपण शिंदे की छावनीत गेलेलं, आणि दोघांनी नोकरी करून इथे घरं बांधलेली. "वर भाले पाहिजेत," विश्वासरावांनी वेल्डरला सांगितलं, "छावनीची माणसं आहोत आम्ही." समोरच्या घरातल्या शामलाताई तेव्हा कॉलेजात संस्कृत शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "अहो, एखादी गाय मान वर करेल आणि डोळा जाईल तिचा." बरीच हुज्जत झाली. शेवटी भाले आले, पण बोथट.

तेव्हापासून दिवसभर माझी उघडझाप. माणसांची एक खोड मी फार जवळून पाहिली. येणारा मला ढकलून आत शिरतो, आणि मागचा लावेल म्हणून तसाच पुढे जातो. मागचाही तेच करतो. मग प्रत्येक घरातून विचारणा होते, "अरे, गेट लगाया क्या?" लावायचे मात्र मानसिंगराव एकटेच.

विश्वासरावांचा दौलतसिंह शाळेतून आला की माझ्या आडव्या पट्टीवर पाय ठेवून झोके घ्यायचा. माझ्या बिजागऱ्या त्यानंच ढिल्या केल्या. मला तो आवडायचा, हे कबूल करायला हवं. मोठा झाल्यावर त्यानं पडाव भागात टेंट हाऊस काढलं. मांडव, खुर्च्या, झुंबरं, सगळं भाड्यानं. धंदा चांगला चालला. मग विश्वासराव गेले. वर्ष सरायच्या आत त्यानं शेजारचा रिकामा प्लॉट घेतला आणि वडिलांचं घर पाडलं.

गल्लीला वाटलं, पोरगा मोठं घर बांधतोय. शामलाताईंनी तर वास्तुशांतीला काय न्यायचं याचाही विचार करून ठेवला होता. मग एक दिवस बोर्ड लागला. मॅरिज गार्डन, म्हणजे लग्नांसाठी भाड्यानं द्यायचं मैदान.

त्या संध्याकाळी सगळी गल्ली माझ्यापाशी गोळा झाली. शामलाताईंचे यजमान रमाकांत हृदयाचे दुखणेकरी. कुकरची शिट्टी झाली तरी दचकतात. "यांच्या खिडकीखाली डीजे लागणार," शामलाताई म्हणाल्या, "आणि गाड्या कुठे लावणार? आपल्या दारात." मानसिंगराव म्हणाले, "विश्वासचा मुलगा आहे. मी बोलतो त्याच्याशी."

बोलले. काही झालं नाही. मग गल्लीनं नगर निगमकडे, म्हणजे महापालिकेकडे, तक्रार केली, की ही राहती वस्ती आहे, इथे धंदा चालणार नाही. आणि माझ्या अंगात साखळी घातली. वाळूचा ट्रक आला की आत सोडायचा नाही.

मला त्याचा अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू? एरवी मला लाथेनं उघडणारे आता माझी कडी तपासून जायचे. ट्रक येऊन कर्कश भोंगा वाजवत उभा राहायचा, आणि त्याची धग माझ्या लोखंडाला लागायची. मी हलायचो नाही.

एका दुपारी दौलतसिंह स्वतः आला. साखळी हातात धरून म्हणाला, "काका, ये क्या तमाशा है? हे फाटक माझ्या बाबांनीपण लावलं होतं."

"चोरांसाठी लावलं होतं," मानसिंगराव म्हणाले.

बोलून गेले, आणि स्वतःच वरमले. दौलतसिंहाचा चेहरा उतरला. "मी चोर आहे? माझी जमीन आहे, काका. कर्ज काढून घेतली आहे. तुमच्या घरात धंदा चालतो तो चालतो, माझा नाही चालणार?"

आता हे सांगायला हवं. मानसिंगरावांच्या पुढच्या खोलीत त्यांची सून यशश्री पार्लर चालवायची. मुलगा संग्रामसिंह पुण्याला नोकरीत, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. यशश्रीनं ती खोली स्वतः रंगवली, आरसे लावले. सुरुवातीला मानसिंगराव बायका आल्या की मागच्या दारानं बाहेर पडायचे. नंतर नंतर त्याच बायकांना "बसा, येतेच आहे ती" म्हणू लागले. दुपारी त्या घरातून हसण्याचे आवाज यायचे, तेवढे गल्लीत दुसरीकडून कुठूनच येत नसत.

दौलतसिंहानं उलट तक्रार केली. एक, सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय फाटक. दोन, राहत्या घरात पार्लर. दोन्ही खरं होतं.

मी हादरलो. इतकी वर्षं मी चोरांना अडवत होतो, आणि उभा राहण्याचा हक्क मलाच नव्हता! रस्ता तर सगळ्यांचा. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

गल्लीतली एकजूट सैल पडायला लागली. कोणाच्या घरी भाडेकरू होते, कोणाकडे गॅरेजमध्ये शिलाईची यंत्रं. "हमारी भी शिकायत कर देगा," असं कुजबुजत लोक माझ्याजवळून लगबगीनं जाऊ लागले. मग दौलतसिंहाचा निरोप आला: काका, तुम्ही तक्रार मागे घ्या, मी माझी घेतो. फाटक राहील, पार्लर राहील.

मानसिंगराव पहाटे येऊन माझी पट्टी धरून उभे राहिले. पाठोपाठ यशश्री आली. ओढणीनं डोकं गुंडाळलेलं, डोळ्यांत झोप नाही.

"काय ठरवलंत, बाबा?"

"तुझी मेहनत आहे ती. माझ्यामुळे बंद पडायला नको. घेतो मागे."

"माझं नाव पुढे करून?" ती एकदम भडकली. "मला कोणी विचारलं? उद्या रमाकांतकाकांना काही झालं, तर गल्ली काय म्हणेल? यशश्रीच्या पार्लरपायी झालं. मला नाही ऐकायचं ते."

"मग काय करायचं?"

"जे खरं आहे ते सांगायचं. पार्लर आहे, मी हलवते. गेट रस्त्यावर आहे, आपण काढतो. नियम सगळ्यांना सारखा, मग त्यालाही सारखा."

"फाटक काढायचं?" मानसिंगरावांची पकड माझ्यावर घट्ट झाली. माझ्यावरच दोघं बोलत होती, आणि मला तोंड नव्हतं.

"अहो बाबा, लोखंड आहे ते," ती म्हणाली. मग तिनंही माझ्यावर हात ठेवला. "मलापण वाईट वाटतंय. पण दुसरं काय करता?"

निगमच्या सुनावणीत काय झालं ते परत आलेल्यांच्या बोलण्यातून कळलं. यशश्रीनं उभं राहून सगळं कबूल केलं. दौलतसिंहाच्या उलट तक्रारीत दम उरला नाही. निकाल लागेपर्यंत बांधकाम थांबवा, असा हुकूम झाला. गल्लीत मात्र कोणी पेढे वाटले नाहीत. शामलाताई चिडल्या होत्या. "गेट काढायचं कबूल करताना आम्हाला विचारलंस का? चोऱ्या झाल्या तर?" यशश्री म्हणाली, "काकू, तुम्ही रागवा. पण काकांना झोप लागू दे." शामलाताई आत गेल्या आणि दार जोरात लावलं.

दुसऱ्या दिवशी मला उतरवलं. निगमच्या माणसांनी नाही, मानसिंगरावांनी स्वतः लोक बोलावले. कटरनं बिजागऱ्या कापताना ठिणग्या उडत होत्या, आणि हा माणूस पाठ फिरवून उभा होता. त्याच दुपारी यशश्रीचे आरसे हातगाडीवरून गेले, बाजाराच्या रस्त्यावरच्या एका भाड्याच्या गाळ्यात. पुढच्या खोलीत आता मानसिंगराव एकटे वर्तमानपत्र वाचतात. वाचतात म्हणजे, उघडून बसतात.

हुकूम झाला, पण ट्रक काही थांबले नाहीत. मी जागेवर नाही म्हणून सरळ आत घुसू लागले. दोनदा मी भिंतीवरून ते नुसतं पाहिलं. तिसऱ्यांदा खडी-गिट्टीचा ट्रक वळला, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी, अगदी माझ्या जागेवर, शामलाताई प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर मटारांची परात, परातीखाली हुकमाचा कागद. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. त्यांनी एक शेंग सोलली. पुन्हा भोंगा. त्यांनी दुसरी सोलली. "माताजी, हटिए!" "बेटा, हुकूम आहे. ऑर्डर है. पढ़ लो." तोवर पार्लरला निघालेली यशश्री स्कूटी आडवी लावून त्यांच्याशेजारी उभी राहिली. शामलाताईंनी तिच्याकडे न पाहता परात पुढे केली. तिनं मूठभर शेंगा घेतल्या.

दौलतसिंह धावत आला. ट्रकच्या पुढ्यात म्हातारी बाई बसलेली पाहून थबकला. "काकू, ऊन लागेल."

"लागू दे."

त्यानं ड्रायव्हरला हात केला, "पीछे ले." जाताना म्हणाला, "काकू, मी हरलेलो नाहीये."

"आम्ही कुठे जिंकलोय?" त्या म्हणाल्या.

खरंच आहे. निकाल लागायचाय. अर्धवट खांब उभे आहेत, त्यांच्या सळ्या आभाळाकडे तोंड करून आहेत. रमाकांत अजून दचकतात. भंगार घेणारा कबाडी दोनदा माझा भाव करून गेला. मानसिंगराव त्याला हाकलतात. मी म्हणतो, द्यावं विकून. मला पुन्हा उभं करू नका. मी होतो तोवर सगळे निश्चिंत आत जायचे आणि मागचा लावेल म्हणायचे.

आता पाळ्या लागल्यात खुर्चीवर बसायच्या. लोक येतात, पण उशिरा. आज शामलाताई रमाकांतांना औषध द्यायला आत गेल्यात, आणि पुढची पाळी ज्यांची ते आलेले नाहीत. कोपऱ्यावर गिअर बदलल्याचा आवाज येतोय. जड गाडी आहे. मला ओळखू येतो तो आवाज, आणि मला उठता येत नाही. अहो, ऐकताय ना? खुर्ची रिकामी आहे. कोणीतरी जा.