गोळी बंदच ठेवा

पापडीच्या नाक्यावर दाताचा डॉक्टर फक्त गुरुवारी येई, तेव्हाची गोष्ट. बाकीचे दिवस लोक दाताखाली लवंग धरून काढत.

फ्लॉसीची दाढ नाताळापासून ठणकत होती. फ्लॉसी शाळेत शिकवायची, आणि रविवारी चर्चमध्ये गाण्याचा पहिला सूर तिचाच. तीन वर्षांपूर्वी मुंबईला तिच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली होती. झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज एक गोळी, जन्मभर. ती थोरली बहीण मटिल्डा स्वतःच्या हातानं द्यायची. घरात दोघीच. तीन वर्षांत गोळी एकदाही चुकली नव्हती.

दाताच्या डॉक्टरनं मुंबईचे कागद वाचले आणि हातातला चिमटा खाली ठेवला.

"रक्त पातळ करायची गोळी? मग दाढ काढल्यावर रक्त थांबायचं नाही. गोळी बंद करा, पुढच्या गुरुवारी या."

पुढच्या गुरुवारी त्याला मुंबईच्या डॉक्टरची चिठ्ठी हवी झाली.

"मग तोवर गोळी देऊ ना?" मटिल्डानं विचारलं.

"छे, बंदच ठेवा. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून."

मटिल्डानं त्याच दिवशी मुंबईला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. तिसऱ्या गुरुवारी दवाखान्याला कुलूप.

"त्यालाच माझ्या दाढेची धडकी भरलीय गं," फ्लॉसी गाल धरून म्हणाली. "एखादी गोळी त्याला दे."

मटिल्डा हसली. घरी येऊन तिनं कपाटातून बाटली काढली, हातात धरली आणि परत ठेवली. डॉक्टरच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. चुकवू नका म्हणाले तेव्हा चुकवली नाही. बंद ठेवा म्हणाले, बंद ठेवली.

त्या रविवारी चर्चमध्ये फ्लॉसीचा सूर लागलाच नाही. पुस्तक हातातून घसरलं. मटिल्डानं वळून पाहिलं, तर बहिणीचं तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं.

झडपेवर धरलेली गुठळी मेंदूत गेली होती. मुंबईच्या डॉक्टरनं आधी विचारलं, "गोळी कोणी बंद केली?"

"दाताच्या डॉक्टरनं सांगितलं."

"आणि पुन्हा सुरू करायला?"

मटिल्डानं नकारार्थी मान हलवली.

"दात तरी काढला का?"

"नाही."

डॉक्टरनं कागद मिटले. मग म्हणाला, "इथं आणायचं होतं. रक्त तपासून, दोन टाके घालून काढला असता. गोळी इतके दिवस बंद ठेवायची गरजच नव्हती."

फ्लॉसी जगली. उजवा हात गेला, शब्द गेले. शाळा सुटली.

वर्षभरानं शेजारच्या आलोशियसच्या मुलीच्या लग्नात दाताचा डॉक्टर भेटला. मांडवात चारचौघांत त्यानं फ्लॉसीकडे बोट दाखवलं.

"ही बाई माझ्याकडे आलेली. मी हात लावला नाही म्हणून आज जिवंत दिसतेय. देवानंच बुद्धी दिली."

लोकांनी माना डोलावल्या. आलोशियसची बायको मटिल्डाला हळूच म्हणाली, "तू तरी गोळी विसरायला नको होतीस गं."

मटिल्डा उत्तर द्यायला वळली. तेवढ्यात फ्लॉसी हसायला लागली, अर्ध्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सगळं तिला कळत होतं. लोकांना वाटलं, बिचारी आभार मानतेय. डॉक्टरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचा डावा हात मटिल्डाच्या हातात होता, आणि डॉक्टरचा हात बाजूला करायला उजवा काही उचलला गेला नाही.