तीन नंबरचा फ्लास्क

"फक्त 'नजरचुकीने' एवढा शब्द घाल," डॉ. गर्गे म्हणाले. "मेमो फाटला असं समज."

झुंबर साळवे उभाच होता. नाशिकच्या त्या महाविद्यालयात, सूक्ष्मजीवशास्त्र विभागात, नऊ वर्षे तो काचेची भांडी धूत होता आणि नऊही वर्षे तात्पुरता होता. १९८३ च्या मार्चमध्ये कायम करायच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव गेले, आणि त्याच महिन्यात मेमो आला. विद्यापीठाच्या पाहणी समितीला टेबलावर एक अस्वच्छ फ्लास्क आढळला होता; परिचराने लेखी खुलासा करावा.

फ्लास्क अस्वच्छ होता हे खरेच. हलक्या प्रतीच्या खनिजातून तांबे सोडवणाऱ्या जिवाणूंवर गर्गेसर काम करीत. हे जिवाणू लोहावर जगतात. लोहक्षाराचे फिकट हिरवे आम्लपाणी त्यांच्या संगतीत सहा दिवसांत तांबडे होते, आणि मग ते तांबडे पाणी खनिजातले तांबे विरघळवते. मात्र थोडे लोह पिवळट खपली होऊन काचेला चिकटून बसते. ही खपली सरांच्या लेखी घाण होती. प्रत्येक खेपेनंतर ती तीव्र आम्लाने काढायची, असा विभागाचा नियम. त्या नियमापायी झुंबरच्या बोटांची सालटी निघाली होती. पण बोटे हा काही संशोधनाचा विषय नव्हता.

सायखेड्याला त्याची आई, लंकाबाई, दह्याचे मडके कधी राखेने घासत नसे. विसळायचे आणि त्यातच पुन्हा दूध ओतायचे. दिवाळीनंतर झुंबरने तीन नंबरचा फ्लास्क तसाच नुसता विसळून ठेवला. पाणी दोन दिवसांत तांबडे झाले. पुन्हा करून पाहिले, पुन्हा दोनच दिवस. जिवाणू त्या खपलीत वस्ती करून राहतात, हे सिद्ध करायला लागणारी पदवी त्याच्याजवळ नव्हती, डोळे होते. त्याने सरांना सांगितले, आईच्या मडक्यासकट. विज्ञान म्हणजे दहीहंडी नव्हे, तू धुण्याचं बघ, असे सर हसून म्हणाले होते.

समिती गेली, मेमो निघाला, आणि मग केव्हातरी सरांनी प्रयोगाच्या वहीतले त्या फ्लास्कचे आकडे पाहिले. आता त्यांचा शोधनिबंध टाइप होऊन तयार होता. तो टाइप करणाऱ्या सलाउद्दीन या कारकुनानेच झुंबरला त्यातले एक वाक्य मराठीत सांगितले होते. परिचराच्या नजरचुकीने न धुतल्या गेलेल्या एका पात्रामुळे लेखकाचे लक्ष या घटनेकडे वेधले गेले, असे ते वाक्य होते. विद्वानाचे लक्ष वेधायला नोकराची चूक चालते. नोकराचे लक्ष मात्र शास्त्राच्या चौकटीत बसत नाही.

"सर, मी मुद्दाम ठेवला व्हता. तुम्हाला सांगितलं बी व्हतं."

"कुणासमोर?" सरांनी शांतपणे विचारले.

मग त्यांनी जरा मायेने समजावले. मुद्दाम नियम मोडला असे लिहिलेस तर ती बेशिस्त ठरेल. चूक झाली म्हणालास तर चूक कुणाच्या हातून होत नाही? कायम होशील. घरी बायको आहे, मुलगी आहे.

झुंबरने खुलासा लिहायला दोन दिवस घेतले. शुक्रवारी दुपारी तो कार्यालयात गेला आणि सलाउद्दीनच्या टेबलावर त्याने दोन प्रती ठेवल्या. कोणत्या तारखेला कोणता फ्लास्क नुसता विसळला, पाणी किती दिवसांत तांबडे झाले आणि सरांना ते केव्हा सांगितले, एवढेच त्यात होते. क्षमायाचना नव्हती.

सलाउद्दीनने वाचून चष्मा काढला. "साळवेभाऊ, डोकं ठिकाणावर आहे ना? एका शब्दाचा सवाल. चूक झाली म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. काय जातंय तुमचं?"

"तेवढंच तर माझं हाय," झुंबर म्हणाला.

सलाउद्दीनने आणखी थोडी समजूत घातली, मुलीच्या शाळेची आठवण करून दिली. झुंबरने सगळे ऐकून घेतले आणि पोच मागितली. यादी सोमवारी लागणार होती, आणि तीत कोणाचे नाव नसेल हे दोघांनाही ठाऊक होते. दोन्ही प्रतींवर शिक्का बसला. जांभळी शाई ओली होती. झुंबरने आपली प्रत दोन बोटांत धरून खिडकीपाशी नेली, आणि शाई वाळेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.